साल सोललेलं झाड

शिलाईताईचं घर वस्तीच्या टोकाला होतं. मागचं दार उघडलं की जंगलच सुरू. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, भोवती इस्पितळातल्या रुग्णांच्या हिरव्या झग्यांचे ढीग. त्या झग्यांना नाड्या लावून द्यायचं काम तिच्याकडे होतं. नवरा गॅरेजमध्ये मिस्त्री. ट्रक नुसता कण्हला तरी त्याचं कुठे दुखतंय ते सांगायचा. स्वतःचं पोट दुखायला लागल्यावर मात्र अंगावर काढलं, आणि डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढला.

इंजेक्शनं झाली, सलाईन झाली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ताईला बाजूला घेतलं.

"यकृतातली गाठ आता आमच्या हातात राहिली नाही. या गोळ्या चालू ठेवा, त्रास कमी होईल. घरी न्या त्यांना."

घरामागे तांबडसालीचं झाड होतं. मुळं भिंतींसारखी उभी, खोड दोघांच्याही कवेत न येणारं. सालीला कोयता लागला की लालभडक चीक वाहायचा. पोट बिघडलं किंवा जखम चिघळली की सासूबाई तिचा काढा द्यायच्या. गाठीवर चालतो असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. पण बुडत्याला काडीचा आधार. ताईने तळहाताएवढी साल काढली आणि उकळत ठेवली.

मिस्त्री उठून बसला. मऊ भात मागून खाल्ला. मग काठी टेकत गॅरेजपर्यंत गेला, चारचौघांच्या चुका काढल्या आणि खुशीत सांगून आला, "सालीनं उठवलं मला."

"गोळ्याही चालू होत्या," ताई म्हणाली.

"असू दे गं. लोकांना बरं वाटतं ऐकून."

लोक यायला लागले. आधी शेजारच्या काकू, वाटीभर मागायला. मग काकूंची बहीण, बहिणीचे व्याही, आणि मग ज्यांचं कुणाशीच नातं नव्हतं असे. ताई हात जोडून सांगायची, "एकाच बाजूची घ्या. गोल सोललं तर झाड मरेल." तिच्यासमोर माना डोलवायचे आणि ती यंत्रावर बसली की कोयते चालायचे. हात पोचेल तिथवर खोड उघडं पडलं. मग कुणीतरी शिडी आणली.

पाना-पानाने झाड झडायला लागलं, तेव्हाच मिस्त्रीही परत अंथरुणाला खिळला. पोट फुगलं, अन्न जाईना. ताईने काढा आणखी दाट केला. तो प्यायला आणि सगळा ओकला.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "लांबून येतात बिचारे."

मग ती दारात माणूस दिसलं की आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायची.

एका दुपारी टॅक्सीवाला आला. खांद्यावर सहा-सात वर्षांची मुलगी, ओठ पांढरेफटक, पायांवर काळेनिळे डाग.

"रक्ताचा आजार आहे. थोडी साल द्या, ताई."

"साल संपली हो. इस्पितळात दाखवलंत का?"

"तिथलीच औषधं चालू होती. फार उलट्या व्हायच्या तिला. मिस्त्रींचं ऐकलं आणि बंद केली सगळी."

 ताईने त्याचा दंड धरला, आत नेलं आणि दार उघडलं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडला होता. हाताच्या काड्या, पोटाचा नगारा.

टॅक्सीवाल्याने त्याला पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तरी पण... थोडी असेल तर बघा ना."

मिस्त्री कसाबसा वळला. "बाबा रे, मी बडबडलो ते चुकलं. कशानं उठलो ते मलाही ठाऊक नाही. पोरीला परत ने."

टॅक्सीवाल्याने पोरीला खांद्यावर सावरलं. "आता कोणत्या तोंडानं जाऊ? डॉक्टरीणबाईंशी भांडून आणलंय तिला."

"मी येते," ताई म्हणाली. बोलून गेल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"जा," तो म्हणाला. "काकूंना हाक मार आणि जा."

मुलीला मांडीवर घेऊन ती टॅक्सीत बसली. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. डॉक्टरीणबाई दोघांनाही खूप बोलल्या, आणि बोलता बोलताच मुलीला सुई लावली. ताईने विचारलं, "वाचेल ना?"

"उशीर झालाय. बघू," एवढंच उत्तर मिळालं.

ती परतली तेव्हा काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावरूनच ताईला कळलं.

"गाडी निघाली का, विचारत होता," काकू म्हणाल्या. "निघाली म्हटलं. मग काही बोलला नाही."

ताई रडली नाही. मागे गेली आणि उघड्या खोडावर धपाधप हात मारत राहिली. काकूंनी तिला ओढून आत आणलं.

पुढे झाड पूर्ण वाळलं. घरावर पडेल म्हणून तोडून नेलं. लोक तरीही येत राहिले, बुंधा तरी खणू द्या म्हणत. ताई प्रत्येकाला मिस्त्रीचं सगळं सांगायची. काही जण ऐकून परत जायचे; बरेच जण म्हणायचे, बाई लपवते आहे.

झगे पोचवायला गेली तेव्हा मुलांच्या विभागातल्या आयाला तिने धीर करून विचारलंच. मुलीला मोठ्या इस्पितळात हलवलं होतं.

"जाताना कशी होती?"

"शुद्धीवर होती," आया म्हणाली. "पाणी मागत होती."

पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. ताईने झगे मोजून दिले आणि घरी आली.