रुखमिणीचा डावा कान

पंचफुला मोहाडीच्या आठवडी बाजारात मासे विकते. नवरा मंगरू गावच्या तलावात जाळं टाकतो. साठीला आलेली ही बाई तशी कमी बोलणारी. अकरा वर्षांपूर्वी मात्र ती एकदा नको ते बोलली.

तेव्हा तिची मुलगी हर्षा आठ दिवस तापानं फणफणत होती. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, औषध दिलं. पंचफुलाला हे ठाऊक होतं. पण त्याच आठवड्यात शेजारच्या रुखमिणीशी तिचं भांडण झालं होतं, तलावाच्या पाळीवर झिंगे वाळवायच्या जागेवरून. राग डोक्यात होता. चार बायांत ती म्हणाली, "तिनंच करणी केली माह्या पोरीवर."

तासाभरात गाव जमलं. रुखमिणीला तिच्या अंगणातून ओढत आणलं. मारणाऱ्यांत मंगरू पुढे होता. पंचफुला दारात उभी राहून बघत होती. ती एक शब्द बोलली असती तर हात थांबले असते. ती बोलली नाही.

हर्षा औषधानं बरी झाली. विधवा रुखमिणी मुलाला घेऊन पवनीला भावाकडे गेली, ती गेलीच.

दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या उर्वशीनं पंचफुलाला रविवारच्या प्रार्थनेला नेलं. तिथले पास्टर चंद्रकुमार पूर्वी एसटीत कंडक्टर होते. ते म्हणत, पाप फक्त हातानं होत नाही. जिभेनं होतं, गप्प बसूनही होतं. ते माणसाला आधी देवापासून तोडतं, मग माणसांपासून. पंचफुला मागच्या सतरंजीवर बसून ऐकायची आणि घरी यायची.

एका रविवारी सगळे गेल्यावर तिनं त्यांना सगळं सांगितलं. माशांचा भाव सांगावा तशा आवाजात.

"मले काहीच वाटत नाही, पास्टर. रडूही येत नाही. पापानं मन मरते काय?"

"सुन्न होते, बाई. तेही पापाचंच फळ आहे. पण तुमची शिक्षा येशूनं आपल्या अंगावर घेतली. माफी मागा, देव देते."

"मंग झालं?"

"देवाकडचं झालं. रुखमिणीबाईकडचं राहिलं. माफी भेटली म्हणून तिचं गेलेलं परत येत नाही. तिच्याकडे जा."

पंचफुला पवनीच्या बसमध्ये बसली. रुखमिणी भावाच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं ओळखलं, पण हातातलं सूप ठेवलं नाही. पंचफुला तिच्या डाव्या बाजूला बसून हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"जोरात सांग," रुखमिणी म्हणाली. "डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्या दिवसापासून."

पंचफुलानं पुन्हा सांगितलं. रुखमिणीनं मान हलवली, नाही आलं ऐकू. तिसऱ्यांदा पंचफुला ओरडलीच, "मी खोटं बोलली होती! तू काही केलं नव्हतं! मले माहीत होतं!"

समोरच्या घरातून दोन बाया बाहेर आल्या. रुखमिणी खडे वेचत राहिली.

"हर्षा कशी आहे?"

"बरी आहे. लगन झालं."

"माह्या पोराले दोन ठिकाणाहून नकार आला. करणीवालीचा पोरगा म्हणून." मग ती म्हणाली, "मले इथं काहून सांगून राहिली? मले तर माहीतच होतं. गावाले सांग."

पंचफुलानं ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. चार-सहा जणांनी खाली बघितलं. कोणीतरी म्हणालं, "जुनी गोष्ट आहे, बसा बाई." पुढचा विषय नळाचा होता, तो सुरू झाला.

घरी मंगरूनं ताट सरकवलं. "झालेलं कायले उकरलं? माहं नाव खराब केलं."

"तुमचं नाव मी घेतलंच नाही."

"लोकाइले माहीत आहे ना."

तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतं बोलतो.

पंचफुला रविवारी प्रार्थनेला जाते. पास्टर म्हणतात, देवानं माफ केलं. तिचा त्यावर विश्वास आहे. वाटत मात्र अजून काही नाही.

मे महिन्यात रुखमिणीचा मुलगा गावात आला. दोन दिवस राहून त्यानं त्यांच्या जुन्या घराच्या छपरावरची कवेलू फेरली, फुटकी कौलं बदलली. पंचफुलानं पाणी नेऊन दिलं. तो प्यायला आणि तांब्या परत देत म्हणाला, "आई नाही येणार, काकू. हे घर विकून राहिलो आम्ही."

"बरं," ती म्हणाली.