फंग मास्तरची फी

चियायी शहराच्या जुन्या बाजारात माझी सोया दुधाची गाडी आहे आणि तिला खेटून फंग मास्तरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. घड्याळं आता कोण दुरुस्त करतं? दिवसाला दोन पट्टे आणि एखादी बॅटरी, एवढाच धंदा. पण माणूस एकलकोंडा आणि डोकं चिकित्सक, त्यामुळे सगळे हसत होते तेव्हाच तो बिटकॉइन शिकून बसला. आता बाजारात कुणाचे पैसे त्या वाटेनं पाठवताना अडकले की लोक त्याच्याकडे येतात.

अडकतात ते असे. पाठवण्याची फी आपली आपण ठरवायची. जास्त देणाऱ्याचा नंबर आधी लागतो, कमी देणारा रांगेत मागे राहतो, आणि गर्दी झाली तर दिवसचे दिवस तसाच राहतो. मग उपाय म्हणजे तीच रक्कम वाढीव फी लावून पुन्हा पाठवायची. नवी पुढे सरकते आणि जुनी आपोआप रद्द होते. मास्तर हे समजावून देतो, पण परक्या फोनला हात लावत नाही. बटण ज्याचं त्यानं दाबायचं. आणि त्याआधी उपदेश ऐकावा लागतो.

"घाई काय आहे? दोन दिवस थांबा, एवढ्याच फीत जाईल."

"अहो मास्तर, समोरचा माणूस फोनवर शिव्या घालतोय," मासळीवाली काओ एकदा म्हणाली.

"शिव्यांना फी लागत नाही. ऐका निवांत."

असा चिक्कू माणूस मी दुसरा पाहिला नाही. टॅक्सीत जन्मात बसला नाही. दूधसुद्धा दुपारी घेतो, कारण उरलेलं मी स्वस्तात देते. याच 'घाई काय आहे'पायी त्याची मुलगी दुरावली. युन-शीला जपानच्या कॉलेजात जागा मिळाली होती, चार दिवसांत पैसे भरायचे होते, आणि बाप म्हणाला, घाई काय आहे, पुढच्या वर्षी बघू. पैसे होते त्याच्याकडे. तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. शेवटी तिच्या मावशीनं भरले. पोरगी गेली ती गेलीच. सहा वर्षं बापाला एक फोन नाही. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. थोडा अजूनही आहे.

मागच्या महिन्यात त्याच्या दुकानात लाल पत्रिका आली. लग्न तासाभरावरच्या ताइनानला, शनिवारी, दुपारी बाराचं जेवण. वडील म्हणून त्याचं नाव छापलेलं होतं, पण सोबत दोन ओळींची चिठ्ठीही नव्हती. खाली आहेरासाठी बिटकॉइनचा क्यूआर कोड होता, ज्याच्या त्याच्या पत्रिकेवर वेगळा.

"जाणार ना?" मी विचारलं.

"नाव छापायची पद्धत आहे म्हणून छापलंय. आहेर पाठवतो."

आहेर मात्र त्यानं बापाला शोभेलसा काढला, सहासष्ट लाख सातोशी. सातोशी म्हणजे बिटकॉइनची चिल्लर, पण रक्कम दणदणीत होती. आकडा सम, शिवाय शुभ. विषम आकडा आम्ही मयताच्या पाकिटात घालतो, लग्नात नाही. आणि चार तर कुठेच नको, आमच्या भाषेत तो 'मरण'सारखा ऐकू येतो. या आहेरासाठी त्यानं वेगळं खातं उघडलं, नेमके तेवढेच आणि वर चिमूटभर फी त्यात ठेवली आणि गुरुवारी पाठवून दिले. सवयीनं फी लावली सगळ्यात कमी.

शनिवारी सकाळी पाहतो तर आहेर अजून रांगेतच. गर्दी एकदम वाढली होती. मास्तरनं फी वाढवली. दुसऱ्यांना दहादा वाचायला लावणारा हा माणूस स्वतः न वाचता बटण दाबून बसला. खात्यात वरकड काही नव्हतंच, तेव्हा वाढीव फी आहेरातूनच कापली गेली.

"पासष्ट झाले," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "शेठाणी, हा मयताचा आहेर झाला." त्याचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मग वरून एक लाख वेगळे पाठवा."

"आहेर दोनदा देतात? तिचं दुसरं लग्न लावायचंय का?"

"बरं बाई, आणखी फी वाढवा. चौसष्ट करा."

"चार येतो त्यात."

"त्रेसष्ट…" मी म्हणाले आणि जीभ चावली, तोही विषमच.

"बासष्ट," मास्तर म्हणाला.

म्हणजे चार लाख, हे व्यवहार नोंदवणाऱ्या कुणा अनोळखी माणसांना, नुसत्या फीपोटी. फोननं लाल अक्षरांत दोनदा विचारलं, नक्की ना? मास्तरनं चष्मा पुसला आणि दोन्ही वेळा हो म्हटलं. तेव्हा दहा वाजून गेले होते.

पाच मिनिटांत फोन वाजला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज नेहमी मोठा असतो. मला मुद्दाम कान द्यावा लागला नाही.

"बाबा, काय चाललंय हे?" युन-शी होती. "आधी सहासष्ट येताहेत म्हणून दिसलं, ते रद्द. मग पासष्ट, तेही रद्द. आता बासष्ट. माझ्याशी भाव करताय का?"

"आकडा सम यायला हवा होता."

"मग मधले गेले कुठे?"

"फी."

"एवढी? तुम्ही दिलीत?"

"बाराच्या आत पोचायला हवं होतं," तो म्हणाला. "या वेळी तरी उशीर नको होता, पोरी."

पलीकडे कुणीतरी केसांच्या पिना मागत होतं.

"पहिल्या टेबलावर तुमची खुर्ची ठेवलीये," युन-शी म्हणाली. "बारा म्हणजे बारा."

माझे डोळे भरून आले, लपवत नाही. मास्तरनं आतून कोट काढला, झटकला, शटर ओढलं. मला वाटलं बसस्टॉपकडे वळेल. तो सरळ नाक्यावर गेला आणि टॅक्सीला हात केला.

ड्रायव्हरनं ताइनानचे पैसे सांगितले. आता अर्धा तास घासाघीस होणार म्हणून मी मध्ये पडायला पुढे झाले, तोवर मास्तर आत बसलासुद्धा.

"त्याच्यावर आणखी घ्या," तो दार ओढून घेत म्हणाला, "पण लवकर चला. मला घाई आहे."