बुजलेली खोली

मी धुळ्यातल्या एका हॉटेलचा मॅनेजर. आमच्या खोल्यांचे फोटो काढायला एक फोटोग्राफर जळगावहून येतो. बूट दाराबाहेर काढतो, देवघरात शिरावं तसा खोलीत शिरतो आणि खुर्चीवर नुसता बसून राहतो. पडद्यातून गाळून आलेलं ऊन पलंगावर सरकत असतं आणि कॅमेरा पिशवीतच.

मी घाई केली की म्हणतो, "थांब ना भाऊ. खोली आजून बुजेल शे."

मला हसू यायचं; खोली काय नव्या माणसाला बुजते, लाजते? पण अर्ध्या तासाने तो उठून चार फोटो काढतो, आणि आमचीच खोली त्यात अशी दिसते की तिथे जाऊन निजावंसं वाटतं.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो काढायला मी त्याला घरी बोलावलं. आबा अंथरुणाला खिळलेले होते. तो दुपारभर त्यांच्याशी कापसाबद्दल बोलला आणि निघाला. "आज नको. आबा बुजेल शेतस. मी रविवारे येसू."

रविवारी तो आला तेव्हा आबा जाऊन दोन दिवस झाले होते. मी त्याच्यावर चिडलो. एक फोटो काढला असता तर काय बिघडलं असतं? तो बूट काढून आबांच्या पलंगासमोर बसला. त्यांची गोधडी मी कोणाला हलवू दिली नव्हती. ऊन तिच्यावर आलं तेव्हा त्याने एकच फोटो काढला.

आता आमच्या भिंतीवर तोच आहे. त्यात आबा नाहीत, फक्त चुरगळलेली गोधडी. तरी येणारे जाणारे त्याच्यासमोर आवाज हळू करतात.