मेक्सिकन गाण्यातली पाठमोरी बाई

हॉस्पिटलच्या ड्यूट्यांनी डोकं भणभणायला लागलं, तेव्हा मी शनिवार सकाळचा प्रिंटमेकिंगचा क्लास लावला. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या घरापासून बसने वीस मिनिटं. शिकवणाऱ्या बाई इंग्लिश, पण तरुणपणी मेक्सिकोत राहून आलेल्या. एकदा त्यांनी तिथल्या लोकगीतांची कॅसेट लावली. शब्द कळायची गरज नाही म्हणाल्या, जे ऐकू येईल ते लायनोच्या, म्हणजे लिनोलियमच्या, मऊ तुकड्यावर कोरा, मग शाई लावून कागदावर छापू.

गिटार, व्हायोलिन आणि मध्येच एक पुरुष गळा काढल्यासारखा ओरडायचा. बाकीच्यांनी कवट्या, हॅट, गिटारी कोरल्या. मी पायरीवर बसलेली, साडीतली पाठमोरी बाई कोरली. कोण, ते मलाही ठाऊक नव्हतं. हात चालत होता, इतकंच.

छाप्यात सगळं उलटं येतं हे मी साफ विसरले होते. कागद उचलला तर बाईचा पदर उजव्या खांद्यावर. घरी नवरा म्हणाला, "अगं, ही तर गुजरातीण झाली." मीही हसले.

सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत. श्राद्धात पितरांना पाणी देताना जानवं उजव्या खांद्यावर घेतात, ही बाई तशी दिसतेय, असं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुझ्या आईला फोन कर."

आईशी मी दीड वर्ष बोलले नव्हते. बाबांच्या शेवटच्या आजारात माझी परीक्षा होती. मी इथेच राहून परीक्षा दिली आणि बाबा गेले. आता येऊच नकोस, असं आई फोनवर म्हणाली आणि मी हट्टाला पेटले. चूक माझीच होती, म्हणून तर राग जास्त.

तीन दिवस मी फोनजवळून नुसत्या येरझारा घातल्या. काही झालं असतं तर कुणीतरी कळवलंच असतं, अशी स्वतःची समजूत घालत होते. छापा रेडिएटरवर ठेवला तरी शाई वाळेना. बोट लावलं की काळं. इस्त्री करताना कॅसेटमधला तो ओरडा मागच्या खोलीतून यायचा. कॅसेट आमच्या घरात नव्हतीच.

बुधवारी दुपारी नंबर फिरवला. आईने लगेच उचलला आणि माझा आवाज ऐकून विचारलं,

"नक्की तूच ना?"

मला वाटलं, टोमणा मारतेय. मग तिने सांगितलं. शनिवारी दुपारी ती चहा ठेवायला उठली, तर मागच्या पायरीवर मी तिच्याकडे पाठ करून बसलेले. हाक मारली, पण मी वळले नाही. पदर उजव्या खांद्यावर. जवळ जाईपर्यंत पायरी रिकामी.

कोरताना मी मलाच कोरत होते.

"मग लगेच फोन का नाही केलास?"

"नंबर काढला होता गं, चारदा. जावयांनी उचलला असता आणि काही सांगितलं असतं तर? फोन करेपर्यंत तरी तू होतीस."

मला रडू आवरेना. मी येते म्हणाले, याच महिन्यात येते.

"ये. पण आत्ता ठेवू नकोस," आई म्हणाली. "बोलत राहा."