कोंबडा गेल्यानंतरची अकरा अंडी

माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या ताई, शिवणकाम करतात. बोलणं मोजकं, हात मात्र सतत चालू. मागच्या अंगणात बारा वर्षं त्यांनी एकाच वाणाच्या कोंबड्या राखल्या. वाणाचा एकुलता कोंबडा गेल्या सोमवारी कुत्र्यानं धरला. कोंबडा गेल्यावरही आठवडाभर कोंबड्यांची अंडी फलित निघतात, म्हणून ताईंनी रोज निवडून, बिनतड्याची अकरा अंडी जमवली. वाण टिकायचा तर यांतूनच.

अंड्यांचा ट्रे माझ्या गार खोलीत होता. निमुळतं टोक खाली, दिवसातून दोनदा एकेक अंडं उचलून कलतं करायचं. काल ताई गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेल्या आणि मला चारांवर घाण दिसली. शेजारीच माझं देवघर. मी ती चार नळाखाली धुतली, पुसली, परत ठेवली. बाकीची स्वच्छच होती.

आज सकाळी अंडी उबवायचा खोका तापला होता. आत बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर साडेसदतीसवर स्थिर. ताईंनी पहिलं अंडं उचललं आणि सहज म्हणाल्या की, घाण कोरड्या कापडानंच काढायची, पाणी लागलं तर वरचा पापुद्रा जातो आणि घाण आत शिरते. गप्प राहिले असते तर कळलंही नसतं. देवाचं नाव घेतलं आणि सांगून टाकलं.

"किती?"

"चार."

"गार पाण्यानं?"

मी मान डोलावली. त्यांनी अंडं खाली ठेवलं. आतल्या आत सडलेलं एक अंडं उबेत फुटलं, तर सगळा खोकाच वाया जातो, असं त्या शांतपणे म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कुठली चार?"

आठवेना. कलती करताना जागा बदलल्या होत्या.

ताईंनी ट्रे खिडकीत नेला, डोळे मिटले आणि एकेका अंड्यावरून अंगठा फिरवू लागल्या, कापडाची सुलट बाजू शोधतात तसा. पापुद्र्याची खरखरीत ती उजवीकडे, धुतलेली गुळगुळीत ती डावीकडे. तीन डावीकडे गेली. चौथं काही सापडेना. शेवटच्या दोन अंड्यांवरून अंगठा चारदा फिरला.

"यातलं एक आहे. कुठलं, ते कळत नाही."

"मग?"

"मग दोन्ही नकोत."

पाच बाजूला पडली. त्यांतलं एक तर न धुतलेलं, तेही माझ्या हातानं उगाच गेलं. उरलेली सहा त्यांनी खोक्यात आडवी मांडली, झाकण लावलं आणि घड्याळ बघितलं. मी तोंड लपवून निघाले, तर मागून हाक.

"कुठं चाललीस? एकवीस दिवस आहेत. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, दुपारची पाळी तुझी." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि हात कोरडे करून ये गं बाई."

दुपारी तीनदा हात पुसले. थर्मामीटर साडेसदतीसच. सहाही अंडी फिरवली.