वावटळीच्या वीस चाचण्या

हुबळीजवळ तारिहाळच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात रेखा एकोणीस वर्षं तपासणीला आहे. तपासणी म्हणजे काय, तर दुसऱ्यानं दिवसभर राबून केलेल्या कामाला गेज लावायचं आणि दोन शब्दांपैकी एक बोलायचा, पास नाहीतर नापास. तिसरा शब्द बाईला येतच नाही, असं लेथवरचे लोक म्हणतात. तिच्या तोंडावर कुणी वाईट बोलत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर कुणी बसतही नाही. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती म्हणायची. म्हणायची, एवढंच.

लग्नाचं विचाराल, तर ते राहूनच गेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, मग बघायला येणारेच थांबले. आता सेहेचाळीस वर्षांची ही बाई मळमड्डीत दोन खोल्यांत एकटी राहते. ती लढाईच्या खेळात कशी शिरली, हे मात्र ऐकण्यासारखं आहे. शेजारी बाळाचार्य राहतात, भूगोलाचे निवृत्त मास्तर. दर रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर युद्ध पेटतं. कागदाच्या लगद्याचे डोंगर, निळी रंगवलेली नदी आणि बोटभर उंचीचं सैन्य. पट्टीनं मोजून चाल करायची, फासे टाकून नेम लागला की चुकला ते ठरवायचं. पाच-सहा मोठी माणसं, कुणी बँकेतलं, कुणी दुकानदार, तोंडं गंभीर करून लढत असतात. रेखा एकदा डोशाचं पीठ द्यायला गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "तुमची पट्टी टोकाला दोन मिलिमीटर झिजलीय." बाळाचार्यांनी तिला खुर्ची दिली, आणि पुढच्या रविवारपासून ती खुर्ची तिचीच झाली.

बाकी सगळे तिला अक्का म्हणत. एकटा कृष्णा तेवढा मॅडम म्हणे. हुबळीच्या बाजारात त्याचं लेस-बटणांचं दुकान, आजोबा मिरजेकडून आलेले. वय पन्नाशीचं, बायको वारलेली, बोलणं मोजकं. येताना तो गिरमिटाचं, म्हणजे तिकडच्या भेळेचं, सामान बांधून आणायचा, चुरमुरे वेगळे, मसाला वेगळा, आणि बाळाचार्यांच्या स्वयंपाकघरात कालवायचा. कांदा घालायच्या आधी तो रेखाचा वाटा बाजूला काढून ठेवी, कारण एकदा ती कांदा वेचून काढताना त्याला दिसली होती. यावर दोघंही कधी काही बोलले नाहीत. पण एकोणीस वर्षं एकटीनं डबा खाल्लेल्या बाईला असलं काही लगेच कळतं. रेखाला रविवारची वाट बघायची सवय लागली.

तर या खेळात वावटळ नावाचं एक यंत्र आहे. जमिनीला न टेकता पळतं, वेग भन्नाट, पत्रा पातळ. त्याचे तीन प्रकार. तोफेची वावटळ लांबून मारून निसटते. डोलीची पोटात चार शिपाई घेते आणि शत्रूच्या पाठीमागं नेऊन सोडते. तिसरी ज्वाळेची, ती अगदी अंगाला भिडून आग ओकते. कृष्णाकडे ही तिसरी होती. दर रविवारी तो तीच मांडायचा, आणि दर रविवारी ती शत्रूपर्यंत पोचायच्या आत उडायची. मग तो तिला अलगद उचलून रुमालात गुंडाळायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊन यायचा.

"अक्का, तुम्हीच एकदा तपासणी करून टाका," बँकेतला स्वप्नील थट्टेत म्हणाला. "तिन्हींतली घ्यावी कुठली?"

झालं, रेखाला काम मिळालं. तिनं वही आखली. प्रत्येक प्रकाराच्या वीस चाचण्या, मैदान तेच, शत्रू तोच, आणि दोन्ही बाजूंची चाल तिचीच. ज्वाळेची वावटळ त्या सगळ्यांत एकट्या कृष्णाकडे होती. त्यानं ती दोन महिने तिच्याकडे ठेवायला दिली, देताना रुमालासकट दिली.

निकाल स्वच्छ होता. तोफेची वीसपैकी चौदा वेळा कामाला आली, डोलीची अकरा वेळा, ज्वाळेची तीन. कारणही तिनं शोधून काढलं. आगीची नळी डाव्या अंगाला, त्यामुळे पेटवायचं तर गाडी आडवी करावी लागते, आणि आडव्या अंगाचा पत्रा सगळ्यांत पातळ. "दोष खेळणाऱ्याचा नाही, रचनेचा आहे," असं तिनं शेवटी लिहिलं. हे वाक्य तिनं कृष्णासाठी लिहिलं होतं. त्याला बरं वाटेल असं तिला वाटलं. बाईची माया ही अशी, गेज लावून केलेली.

रविवारी तिनं अहवालाची एकेक प्रत सगळ्यांना दिली आणि तो वाचून दाखवला. कारखान्यात नापास मालावर लाल गोल चिकटपट्टी लावतात, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात जात नाही. तिच्या पर्समध्ये त्या पट्ट्या असायच्याच. वाचून झाल्यावर तिनं हसत हसत एक काढली आणि ज्वाळेच्या वावटळीवर चिकटवली. सगळे हसले, कृष्णाही हसला. मग त्यानं नखानं ती पट्टी सोडवली, आणि तिच्यासोबत पिवळ्या रंगाची एक कपची निघून आली.

त्याचं हसू तिथंच थांबलं.

"अय्यो, मी रंग आणून देते की," रेखा म्हणाली.

"इरली बिड्री, मॅडम," असू दे म्हणत त्यानं गाडी रुमालात गुंडाळली. त्या दिवशी त्यानं गिरमिट सगळ्यांना वाढलं, स्वतः खाल्लं नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या रविवारी सगळे गेल्यावर बाळाचार्यांनी तिला थांबवून घेतलं. "ती गाडी रूपानं रंगवली होती," ते म्हणाले. "कृष्णाची बायको. चार वर्षं झाली तिला जाऊन. अळणावरकडच्या शेतकऱ्याची लेक. बेंदराला बैलांची शिंगं रंगवायला अख्खं गाव तिला बोलवायचं. आजारानं अंथरूण धरलं तेव्हा हाताला काही चाळा हवा म्हणून कृष्णानं ही गाडी आणून दिली. तिन्हींतून हीच तिनं निवडली. पुढच्या दोन टोकांवर शिंगांसारखे पट्टे काढलेत बघा. तुम्हाला दिसले नाहीत?"

दिसले होते. रेखानं ते मोजलेही होते. डावीकडे सात, उजवीकडे सहा, आणि वहीत तिनं नोंद केली होती, 'रंगकाम असमान'. उजवीकडच्या सातव्या पट्ट्यापर्यंत त्या बाईचा हात थकला असेल, किंवा तिचे दिवसच संपले असतील, हे तिच्या मनात आलं नव्हतं. तिला स्वतःचा इतका राग आला की बाळाचार्यांसमोर बसवेना. घरी येऊन ती रडली. शेजारी येऊन बसणारा एकच माणूस आयुष्यात मिळाला होता, त्यालाही आपणच उठवून लावलं, असं तिला वाटत राहिलं.

आता करायचं काय? आकडे बदलता येत नव्हते, ते खरे होते. रंग पुन्हा लावायचा तर रूपाच्या हातावर दुसऱ्याचा हात आला असता. शेवटी तिला आपल्या कारखान्यातला एक कागद आठवला. त्याला डेव्हिएशन म्हणतात. माल मापात बसत नाही हे कबूल, तरी तो वापरायचा, आणि पुढं काही झालं तर जबाबदारी सही करणाऱ्याची. मॅनेजरनी किती विनवण्या केल्या असतील, पण एकोणीस वर्षांत रेखानं अशा एकाही कागदावर सही केली नव्हती.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिनं हुबळी गाठली. दुकानात छतापर्यंत खोकी, प्रत्येक खोक्यावर नमुन्याचं एक बटण शिवलेलं. कृष्णा एका बाईंना लेस मोजून देत होता. त्या जाईपर्यंत रेखा बाजूला उभी राहिली. मग तिनं कागद त्याच्यापुढं ठेवला.

'वस्तू: ज्वाळेची वावटळ. तपासणीत नापास. तरीही वापरावी. कारण: रंगकाम. जबाबदारी: माझी.' खाली सही आणि तारीख.

कृष्णानं तो दोनदा वाचला.

"आकडे मी बदलणार नाही, ते खरे आहेत," रेखा म्हणाली. आवाज घट्ट ठेवायचा तिनं प्रयत्न केला, पण तो राहिला नाही. "पण पट्टी लावायला नको होती. माझं चुकलं. मला माफ करा."

"तुमचा राग नव्हता ओ," कृष्णा म्हणाला. "थोडं लागलं, नाही म्हणत नाही. पण रोज तुमचा अहवालच काढून वाचत होतो. एक विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता." त्यानं खिशातून अहवालाची घडी काढली. "यात तीन वेळा जमलं असं लिहिलंय. खरंच तीन?"

"मी खोटं लिहीत नाही."

"ते माहीत आहे, म्हणूनच विचारतो." त्यानं गल्ल्याखालचा कप्पा उघडून रुमालातली गाडी बाहेर काढली. "रूपा होती तेव्हा मी रविवारी घरी पोचलो की अंथरुणातून पहिला प्रश्न हाच, आज माझी गाडी कुठवर गेली? आणि मी सांगायचो, पार पलीकडं गेली, सगळं जाळून आली. दर आठवड्याला सांगायचो. माझ्या हातून एकदाही पोचली नाही, मॅडम. ती गेली ते माझं खोटं ऐकूनच गेली."

रेखाला सांत्वन करता यायचं नाही, कधीच आलं नाही. तिनं पर्समधून वही काढली.

"सहावी, अकरावी आणि एकोणिसावी," ती म्हणाली. "बसा, दाखवते."

काउंटरवर तिनं बटणांची खोकी डोंगरासारखी मांडली, निळ्या लेसची नदी केली. "तुम्ही हिला जपता. डोंगराआड थांबवता. ही थांबली की मरते. या तीन वेळा मी हिला थांबवलंच नाही, आणि फाशांनी साथ दिली." तिनं गाडी उचलली. पिवळे पट्टे हाताला लागू नयेत म्हणून मागच्या बाजूनं धरली. "ही सहावी. नदीकाठानं सरळ, पहिल्याच फेरीत इथपर्यंत."

दारात गिऱ्हाईक आलं. कृष्णानं मान वर न करताच सांगितलं, "जरा थांबा, बाई. काम चाललंय."

तिनं तिन्ही चाचण्या दाखवल्या, एकही चाल न गाळता. एकोणिसाव्या वेळी गाडी काउंटरच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन आडवी झाली. "इथं पोचली," रेखा म्हणाली, "आणि सगळं जाळलं."

कृष्णाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसत नव्हता.

"म्हणजे गेली होती," तो म्हणाला.

"गेली होती," रेखा म्हणाली. "मी स्वतः मोजलंय."