मोजणीनेच खाल्लेला वेळ

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत. कोणी "मशीन जरा हळू चाललंय" म्हणालं की ती विचारायची, "जरा म्हणजे किती?" ऑपरेटिंग सिस्टीमचा कोड लिहिण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. आकड्याशिवाय बोलणाऱ्याला ती सरळ ज्योतिष्यांच्या पंगतीत बसवायची.

एकदा चौसष्ट प्रोसेसरचं नवंकोरं मशीन आलं. साहेब आठवडाभर मिरवत होते. मग ते कामाला लावलं, आणि चार प्रोसेसरच्या जुन्या मशीनने तेच काम त्याच्या आधी उरकलं. साहेबांचं तोंड उतरलं. दोष शोधायचं काम आकडेबाईच्या गळ्यात पडलं.

तिने मोजायला घेतलं. कुठलं काम किती वेळा होतं हे कळावं म्हणून कोडमध्ये आधीपासून काउंटर होते, त्यांत तिने आणखी भर घातली. मशीन आणखी मंदावलं. तिने अजून काउंटर टाकले. मशीनने मान टाकली. तिसऱ्या आठवड्यात वैतागून तिने जुनी-नवी सगळीच मोजणी बंद केली, तर मशीन सुसाट सुटलं.

कुंपणच शेत खात होतं. प्रत्येक मोजणीचा आकडा सगळ्यांत मिळून एकच, आणि त्यात एक मिळवायला चौसष्ट प्रोसेसरांची झुंबड. एका नळावर चौसष्ट हंडे लागावेत तसं. कामापेक्षा ताटकळण्यातच वेळ चालला होता.

साहेबांनी पुरावा मागितला. आता मोजणीच बंद, तर आकडा आणायचा कुठून? तिने घरी फोन लावला. नवरा शाळेतून निवृत्त झालेला खेळाचा मास्तर. तो स्टॉपवॉच घेऊन आला आणि येताना सवयीने शिट्टीही घेऊन आला. शिट्टी वाजली, मशीन सुरू झालं, पलीकडच्या खोलीतली मीटिंग मात्र थांबली. काम एकोणीस सेकंदांत संपलं. मोजणी चालू ठेवून पुन्हा पळवलं, तर चार मिनिटं.

"अगं, याला दम लागलाय," मास्तर म्हणाले. "सराव कमी पडतोय."

"अहो, दम नाही. रांगेत उभं राहून पाय दुखलेत त्याचे."

उपाय सोपा होता. प्रत्येक प्रोसेसरला त्याचा स्वतःचा आकडा द्यायचा आणि कोणी विचारलं तरच सगळ्यांची बेरीज करायची. तिने तसं केलं. वेळ जवळजवळ तेवढाच, चार मिनिटं. दोन दिवस ती कोडमध्ये डोकं खुपसून बसली. मग उलगडलं. आकडे वेगळे झाले होते, पण मेमरीत खेटून बसले होते. प्रोसेसर मेमरी सुटी उचलत नाही, गठ्ठ्याने उचलतो. एकाने आपला आकडा बदलायला गठ्ठा ओढला की शेजाऱ्यांचे आकडेही त्याबरोबर जात, आणि शेजारी पुन्हा ताटकळत. प्रत्येकाचा गठ्ठा वेगळा व्हावा म्हणून तिने दर दोन आकड्यांमध्ये रिकामी जागा सोडली. एवढी मेमरी वाया घालवायची का, म्हणून साहेबांनी कुरकुर केली. मोजणी चालू ठेवून वीस सेकंद लागले, तेव्हा त्यांची कुरकुर थांबली.

पण त्यांना एकूण बेरीज दर क्षणाला, आणि अगदी बिनचूक, हवी होती. प्रोसेसर मोजत असताना बेरीज केली तर ती दोन-चारने मागेपुढे व्हायचीच.

"सर, बिनचूक हवी असेल तर चौसष्ट जणांना थांबवावं लागेल."

"मग थांबवा."

"थांबवते. बेरीज बिनचूक येईल. काम मात्र कोणी करणार नाही."

साहेबांनी थोडा विचार केला आणि दहा मिनिटांतून एकदा, थोडा मागेपुढे झालेला आकडा मिळाला तरी चालेल म्हणाले.

सुधारलेला कोड गिऱ्हाइकांकडे गेला. वर्षभरात एकच तक्रार आली. तीन अब्जांच्या बेरजेत सातचा फरक पडला म्हणून एका गृहस्थांनी चार पानी पत्र धाडलं होतं. आकडेबाईने त्यांना दोन पानी सविस्तर उत्तर लिहिलं, रजेचा अर्ज टाकला आणि चार दिवस बहिणीकडे राहायला निघून गेली.